फोन हिसकून घेऊ का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

नमस्कार मंडळी. पोळा झाला, गणपती बसले, पण टपालात अन् व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न पाहिले तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, मोबाईल आणि घरातलं वयात आलेलं लेकरू. त्यातली चार पत्रं घेते. नाव-गाव कोणाचंच छापत नाही, फक्त तालुका. पत्रं लांब होती ती थोडी कमी केली, भाषा मात्र ज्याची त्याची आहे तशीच ठेवली.

प्रश्न: ताई, माहा पोरगा यंदा दहावीत हाय. ऑनलाईन शाळा सुरू झाली म्हणून मागच्या दिवाळीत सोयाबीन इकून त्याले मोबाईल घेऊन देल्ला. आता तो रात्री दीड-दोन वाजेपर्यंत पांघरुणात फोन घेऊन बंदुकीचा गेम खेळून राह्यते. सकाळी दहाले उठते, क्लास चालू करते अन् कॅमेरा बंद करून पुन्हा झोपते. एप्रिलमध्ये माहे सासरे कोरोनानं गेले, दवाखान्यातूनच नेलं, तोंडबी पाह्यता नाही आलं. तवापासून याची चिडचिड जास्तच वाढली. याच्या बाबानं एक दिवस फोन हिसकला त् त्यानं जेवनाचं ताट लोटून देल्लं अन् दोन दिवस कोनाशी बोलला नाही. शेजारचे म्हणतात व्यसन लागलं, नागपूरले दाखवा. का करू?
(एक आई, ता. दारव्हा)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात फोनबद्दल भरपूर आहे आणि सासऱ्यांबद्दल दीड ओळ, पण मला आधी त्या दीड ओळीबद्दलच बोलायचं आहे.

२०२१ च्या एप्रिलमधले ते दिवस आठवा. फेब्रुवारीतच आपल्याकडे रुग्ण वाढायला लागले होते, अमरावती-अचलपुरात पुन्हा लॉकडाऊन लागला, मार्चमध्ये नागपुरात लागला, आणि एप्रिलमध्ये तर बेडसाठी, ऑक्सिजनसाठी माणसं एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत होती. घरातलं माणूस ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेलं अन् परत आलंच नाही असं किती घरांत झालं. ना शेवटची अंघोळ, ना खांदा, ना दहाव्याला भाऊबंद. तुम्ही मोठे निदान फोनवर बहिणीशी, नणंदेशी बोलून रडला असाल, पण या पंधरा वर्षाच्या पोराला त्या दिवसांत कोणी काही विचारलं का? बहुतेक घरांत त्याला एवढंच सांगितलं गेलं की बाहेर जाऊ नको, मास्क लाव, आईला त्रास देऊ नको. आपल्याकडे नातू आजोबाजवळच झोपते, ओसरीत एकाच खाटेवर. तुमच्याकडे कसं होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण तो जागतो ते रात्रीच जागतो म्हणून विचारते.

या वयात दुःख रडूनच निघेल असं नसतं. ते चिडचिडीत निघते, झोप उडण्यात निघते, डोकं दुखते पोट दुखते म्हणण्यात निघते, नाहीतर जिथं काही आठवणार नाही अशा जागी पोरगं जाऊन बसते. गेम ही तशी जागा आहे. एक दिवस तुम्ही काही न बोलता त्याच्याजवळ बसून तो गेम पाहा. चार पोरांची टीम असते, कानात इयरफोन, चौघंही आपापल्या घरात पांघरुणात, अन् एकमेकाला ओरडून सांगत असतात, मागून आला, मागून आला, घरात घुस. एखादा गडी गोळी लागून पडला की दुसरा रांगत जाऊन त्याला उठवते, रिव्हाइव्ह म्हणतात ते त्याला. दीड वर्षात पारावर बसणं बंद, शाळेचं ग्राउंड बंद, कबड्डी बंद, गणपतीत पोरांचं जमणं बंद, मग त्याचे मित्र भेटतात कुठं तर तिथंच. म्हणून बाबांनी फोन हिसकला तेव्हा त्याच्या लेखी नुसता फोन गेला नाही, चालू खेळात तीन दोस्तांना सोडून द्यावं लागलं, म्हणून ताट लोटलं. ताट लोटणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, अन्नाचा अपमान आपल्या घरात चालत नाही हे त्याला शांतपणे सांगाच, पण ते दुसऱ्या दिवशी.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या आजाराला आजारांच्या नव्या यादीत जागा दिली आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यात काय म्हटलंय तेही ऐका: खेळण्यावर स्वतःचा ताबाच राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम मोठा होऊन बसतो, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जातं, आणि हे साधारण बारा महिने दिसत असेल तेव्हा डॉक्टर तसं निदान करतात. रात्री जागून खेळणारं प्रत्येक पोरगं त्यात बसत नाही. तुमचा मुलगा बसतो की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही आणि शेजाऱ्यांनीही सांगू नये. त्याच्यासमोर "व्यसनी" हा शब्द तर कोणीच काढू नका, एकदा घरात तो शब्द पडला की पोरगं त्याच्याआड लपून बसते अन् मग बोलतच नाही.

सुरुवात झोपेपासून करा, अभ्यासापासून नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यातही वयात येताना शरीराचं घड्याळ आपसूकच तास-दोन तास पुढं सरकते, झोप उशिरा येते, तो मुद्दाम करते असं नाही. त्यावर डोळ्यासमोरचा उजेड अन् गेमची धाकधूक, मग दोन वाजणारच. आणखी एक गोष्ट आहे जी आईबापांना माहीत नसते: रोजचा दीड जीबी डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये तो रात्री बाराला परत मिळते, अन् पोरं बाराची वाट पाहत जागतात. त्याच्या फोनमधले व्हिडिओ आपोआप सुरू होणं अन् अ‍ॅप आपोआप अपडेट होणं बंद करायला लावा, दिवसाचा डेटा वाचेल. मग त्याला सांगा की संध्याकाळी सात ते साडेआठ तुझ्या टीमसोबत खेळ, त्या वेळात तुला कोणी आवाज देणार नाही, हा शब्द आमचा. आणि तो शब्द पाळा, मध्येच दूध आण, ढोरं बांध असं करू नका. वेळ संपायच्या आधी एकदा आठवण द्या, चालू डाव पूर्ण होऊ द्या, मग फोन चार्जिंगला.

चार्जिंगची जागा मात्र घरात एकच ठेवा, टीव्हीजवळ नाहीतर स्वयंपाकघरात, आणि रात्री दहाला घरातले सगळे फोन तिथं गेले पाहिजेत. सगळे म्हणजे त्याच्या बाबांचा पण. बाप अकरापर्यंत खाटेवर व्हिडिओ पाहीन अन् पोरानं नऊला फोन ठेवावा हे कोणत्याच घरात चालत नाही, मी तरी पाहिलं नाही. सकाळी दहावरून एकदम सहाला उठवू नका, तीन-चार दिवसाला अर्धा तास असं मागं आणा. उठल्यावर बाबांसोबत वावरात जाऊ द्या, उजेडात चालणं झालं की रात्री झोपही येते. फवारणीला मात्र नेऊ नका, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि फवारणीची औषधं घरात, कोठ्यात उघडी ठेवत असाल तर आजच कुलपात टाका अन् किल्ली तुमच्याजवळ ठेवा. हे मी फक्त तुम्हाला नाही, घरात दुखावलेलं लेकरू आहे त्या प्रत्येक शेतकरी घराला सांगते. रागाच्या, निराशेच्या त्या एका घटकेत हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

आणि आबांबद्दल, म्हणजे त्याच्या आजोबांबद्दल, बोला. मोठं भाषण नको. भाकरी टाकता टाकता एवढंच म्हणा, "आबा गेले तेव्हा तुले कोणी काही विचारलंच नाही रे. मलेबी लय आठवण येते." तो काही बोलणार नाही, उठून जाईल, जाऊ द्या. दोन-चार दिवसांनी पुन्हा आबांची एखादी गोष्ट काढा. पितृपंधरवडा येतोच आहे, आबांचं पान त्याच्या हातानं ठेवू द्या, त्यांना काय आवडायचं ते त्यालाच विचारून करा. एप्रिलमध्ये जे करता आलं नाही त्यातलं थोडं तरी त्याच्या हातून होईल.

हे सगळं करून तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नसेल, किंवा तो जेवण टाकू लागला, मित्रांशी सुद्धा बोलणं बंद केलं, तर दाखवायलाच पाहिजे. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असते, तिथं समुपदेशक भेटतात, पैसे लागत नाहीत, आणि पुढं गरज पडली तर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येते.

प्रश्न: ताई, मी १६ वर्षाची आहे. मला दहावीला ९१ टक्के मिळाले पण सगळे कोरोना बॅच, फुकटचे मार्क असं म्हणतात, मामा पण हसले. अकरावीच्या सीईटीत दाखवून देईन म्हणून खूप अभ्यास केला तर ती पण रद्द झाली. घरी एकच मोबाईल आहे, दिवसभर दादाकडे असतो, मला रात्री नऊनंतर मिळतो. मग मी इन्स्टा पाहते, शहरातल्या मुली किती छान दिसतात, त्यांच्या खोल्या, त्यांचे क्लासेस, आणि मला रडायला येते. आईला सांगितलं तर म्हणते पाहूच नको. पण न पाहता पण राहवत नाही.
(ता. दर्यापूर)

उत्तर: बेटा, आधी मार्कांचं. परीक्षा तू टाळली नाहीस, सरकारनं रद्द केली, कारण तेव्हा लाखो मुलांना एका वेळी वर्गात बसवणं म्हणजे त्यांच्या घरच्यांचा जीव धोक्यात घालणं होतं. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला तो नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा धरून. म्हणजे नववीपासून तू जे केलंस तेच त्यात आहे. राज्यात ९९.९५ टक्के मुलं पास झाली म्हणून लोक हसतात, पण पास होणं वेगळं अन् ९१ मिळणं वेगळं, हे मामांनाही माहीत आहे. सीईटी १० ऑगस्टला हायकोर्टानं रद्द केली त्यातही तुझा काही दोष नाही. तू दोन वेळा तयारी केलीस आणि दोन्ही वेळा मैदानच काढून घेतलं, याचा राग येणं, रडू येणं अगदी बरोबर आहे, यात तुझं काही बिघडलेलं नाही. सीईटीसाठी केलेला अभ्यास अकरावीच्या गणित-सायन्सला रोज लागणार आहे, तो वाया गेला असं कोणी म्हटलं तर ऐकू नको.

आता इन्स्टा. तू एखाद्या रीलवर जरा जास्त थांबलीस की ते अ‍ॅप समजते हिला हेच पाहिजे, अन् तसंच आणखी दहा आणून पुढं ठेवते. म्हणजे तुला वाटते सगळं जग तसंच आहे, पण ते तुझ्याच बोटानं निवडून दिलेलं असते, त्यावर फिल्टर, त्यावर चांगला उजेड, अन् वीस फोटोतला एक. ज्या अकाउंटनं रडू येते ते म्यूट कर, तशी रील आली की तीन टिंबांवर दाबून आवड नाही असं सांग, आठवडाभर केलंस की पुढं येणारं बदलते. आणि नुसतं पाहत राहण्यापेक्षा रोज एका मैत्रिणीला व्हॉइस मेसेज पाठव, खरा, दिवसात काय झालं तो. नुसतं पाहत बसणं अन् आपल्या माणसाशी बोलणं, दोन्ही स्क्रीनच, पण मनावर दोन्हीचा परिणाम सारखा होत नाही.

पण खरं सांगू, तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट इन्स्टा नाही. दिवसभर फोन दादाकडे अन् तुला रात्री नऊनंतर, जेव्हा वर्गही नसतात, मैत्रिणीही झोपलेल्या असतात, ही आहे. मग रात्री एकटीनं इन्स्टाच पाहणार ना. हे पान आईबाबांना वाचायला दे. दादा-ताई हो, तुम्हाला सांगते, मुलीची अकरावी सुरू होते आहे, फोनच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, सकाळचे तास तिचे असतील तर तेव्हा फोन तिचा, त्या वेळी मुलाला हवा असला तर त्यानं थांबावं. तिला अभ्यासाच्या वेळी फोन मिळाला तर रात्रीचं पाहणं आपोआप कमी होईल असं मला मनापासून वाटते.

प्रश्न: मुलगा आठवीत, मुलगी चौथीत, लहानगा तीन वर्षाचा. तो तर मोबाईल दाखवल्याशिवाय घासच घेत नाही. मोठ्याचे डोळे दुखतात. सरळ एक आकडा सांगा, दिवसाला किती तास द्यावा?
(एक वडील, ता. चिखली)

उत्तर: दादा, लहानग्यासाठी आकडा आहे. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्क्रीन नकोच, दोन ते पाचला फार तर एक तास, तोही कोणी मोठं सोबत बसून. जेवताना बंद करा. दोन-चार दिवस रडेल, कमी खाईल, उपाशी राहणार नाही.

शाळेच्या तासांसाठीही आकडा आहे, केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्या होत्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाईन तास सांगितले होते, नववी ते बारावीला चार. तुमच्या मुलाची शाळा, ट्यूशन मिळून पाच-सहा तास घेत असेल तर सरांशी बोला, हक्कानं बोला.

राहिला मोठ्या मुलाचा स्वतःचा वेळ, त्याला मी आकडा देत नाही, अन् का ते सांगते. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुलांच्या बऱ्यावाईट वाटण्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. ती मुलं आपली नाहीत आणि ते दिवस कोरोनाच्या आधीचे, पण एवढं त्यातून समजते की नुसते तास मोजून लेकराचं मन कळत नाही. मी वेगळं मोजायला सांगते: झोप पूर्ण होते का, तासभर अंगाला घाम येईल असं खेळणं होते का, एक वेळचं जेवण सगळ्यांसोबत होते का, अन् दिवसातून एकदा तरी कोणाशी तोंडानं बोलते का. हे चार होत असतील तर अर्धा तास जास्त पाहिलं म्हणून घरात महाभारत करू नका. यातलं काही सुटत असेल तर जे सुटलं ते आधी परत आणा, तेवढा फोन आपोआप कमी होते.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या कशाकडे तरी वीस सेकंद पाहायला लावा, अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं तरी झालं. फोन हातभर लांब, अंधारात नाही. तरी दुखत असतील तर डोळे तपासून घ्या, नंबर असू शकतो.

प्रश्न: मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सगळीकडे स्क्रीन जास्त झाली अशी चर्चा असते, आमच्याकडे उलट आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी स्मार्टफोनच नाही, नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागते. आता ग्रामपंचायतीच्या ठरावानं आठवीचा वर्ग सुरू झाला तर काही मुलं नुसती बसून असतात, विचारलं तर बोलत नाहीत. एक मुलगी येतच नाही, तिचं लग्न ठरवलं असं कानावर आलं. वरून सेतू अभ्यासक्रमाच्या (मागच्या वर्गाच्या उजळणीच्या) चाचण्या पूर्ण करा म्हणतात. कुठून सुरुवात करू?
(ता. कुरखेडा)

उत्तर: सर, बरं झालं तुम्ही लिहिलं, नाहीतर हे सगळं पान फोनवाल्या मुलांचंच झालं असतं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचा एकटेपणा कोणाला दिसलाच नाही. शहरातल्या मुलाला निदान मित्राचा आवाज येत होता, तुमच्या मुलांचं दीड वर्ष मोहफुलं वेचण्यात, तेंदूपत्त्यात, ढोरांमागं अन् रोवणीत गेलं, वर्गातली चार पोरं कुठं आहेत तेही माहीत नाही. आपण वर्गात मागं पडलो हे त्यांना समजते, म्हणून ती गप्प बसतात. त्यांना मंदबुद्धी समजू नका, ते गप्प बसणं लाजेपोटी आहे.

चाचणी चार दिवस मागं ठेवा, त्यानं काही बिघडत नाही. पहिले दिवस गोल बसवा अन् एकच विचारा, या दीड वर्षात तू असं काय शिकलास जे मला येत नाही. जाळं लावणं, रोवणी, लहान भावाला सांभाळणं, मोह सुकवणं, काहीही. ते फळ्यावर लिहा, त्यावरूनच वाचन घ्या, गणित घ्या. ज्या मुलाला सगळ्यांसमोर बोलता येत नाही त्याला चिठ्ठी लिहू द्या, अन् ती चिठ्ठी वर्गात वाचू नका. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाच्या बापाची मजुरी बंद झाली, हे एका वहीत स्वतःपुरतं लिहून ठेवा. आईवडिलांपैकी एकजण गेला असेल तरी बाल संगोपन योजनेत महिन्याला मदत मिळू शकते, आई-बाप दोघंही कोरोनानं गेले असतील तर राज्य सरकारनं २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. तालुक्यातल्या महिला व बालविकासच्या कार्यालयातून अर्ज आणून द्या, घरची माणसं स्वतःहून जाणार नाहीत, त्यांना माहीतच नसते.

त्या मुलीचं मात्र थांबवून ठेवू नका. आठवीतली मुलगी म्हणजे अठराच्या कितीतरी आत, २००६ च्या कायद्यानं ते लग्न लावणारे, जमवणारे सगळेच गुन्ह्यात येतात, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकच असतात, त्यांना लेखी कळवा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनवर फोन केला तर नाव न सांगताही तक्रार घेतात. पण पोलिसांची भाषा घेऊन पहिल्यांदा जाऊ नका. बहुतेक घरी कारण एकच असते, शाळा बंद, पोरगी घरी, मजुरी नाही, अन् लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत लग्न उरकते, खर्च वाचतो. शाळा सुरू झाली, पुस्तकं मिळतील, तांदूळ-डाळ मिळेल, पुढं वसतिगृहाची सोय पाहू, हे बापाला समोर बसून सांगा. याच आठवड्यात जा, एकटे जाऊ नका, अंगणवाडीच्या ताईंना सोबत घ्या, अन् त्या मुलीशी त्यांना थोडा वेळ वेगळं बोलू द्या.